एका ठशाचीं चोवीस यंत्रें

श्रोतेहो, आजचा विषय ऐकतांच कांहीं घरांतील वडील मंडळींचा हात रेडिओच्या कळीकडे जाईल, अशी मला धास्ती आहे. शाळेच्या संगणक-खोलींत नवीं यंत्रें आलीं म्हणजे एका यंत्रांत नीट बसविलेली सारी व्यवस्था बाकीच्या यंत्रांत कशी उतरवितात, हा तो विषय. परंतु क्षणभर थांबावें अशी विनंती आहे; कारण मी या शास्त्रांतला पंडित नव्हे. जुन्या अकरावीची परीक्षा, जिला आमच्या घरीं शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, ती उतरून शिक्षकाची सनद घेतली आणि अडतीस वर्षें मुलांना मराठी व इतिहास शिकविला, एवढीच माझी विद्या. संगणकाचा नाद लागला तो पन्नाशीच्या आसपास, आणि उतारवयांत लागलेले नाद सहसा सुटत नाहींत. सेवानिवृत्त झाल्यावरही ती खोली माझ्याकडेच राहिली. तेव्हां जें सांगणार आहें तें हातानें केलेलें आहे. आणि त्यांतलें एक काम माझ्या हातून असें झालें आहे कीं, तें चारचौघांत सांगावें कीं न सांगावें याचा मीं बरेच दिवस विचार केला.

आमची शाळा कृष्णाकांठच्या एका तालुक्याच्या गांवीं आहे. तेथील जुने संगणक विंडोज-१० या व्यवस्थेवर चालत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्या व्यवस्थेची नेहमीची डागडुजी थांबविली, आणि तिच्या पुढची जी विंडोज-११ ती आमच्या यंत्रांवर चढेना. तिला टीपीएम नांवाची सुरक्षेची चीप दुसऱ्या आवृत्तीची लागते, ती या म्हाताऱ्यांच्या पोटांत नव्हती. तेव्हां माजी विद्यार्थ्यांनीं वर्गणी जमवून चोवीस नवीं यंत्रें दिलीं. वर्गणी यंत्रांपुरतीच पुरली; त्यांत घालावयाची व्यवस्था विकत घेण्याइतका पैसा उरला नाहीं. म्हणून लिनक्स ही मोफत मिळणारी व्यवस्था वापरावयाचें ठरलें. यंत्रें दिवाळीच्या सुट्टींत आलीं, आणि शाळा उघडावयास नऊ दिवस होते.

ही घाई कशाला, असें कोणी विचारील. आमच्याकडील बहुतेक मुलींच्या घरीं संगणक नाहीं. मोबाईल असतो, पण तो बापाच्या किंवा भावाच्या खिशांत असतो. या मुलींच्या हातीं कळफलक येतो तो आठवड्यांतून दोन तासिका, आणि तोही ती खोली उघडी असेल तर. एक आठवडा खोली बंद राहिली कीं त्यांचा तो आठवडा गेला. तो कोणी भरून देत नाहीं.

आतां नवें यंत्र म्हणजे कोरी पाटी. वीज दिली तर पंखा फिरतो, पडदा उजळतो, आणि चालविण्याजोगी व्यवस्था सांपडत नाहीं अशा अर्थाची एक ओळ दाखवून तें थबकतें. त्यांत आधीं मूळ व्यवस्था घालावयाची, मग तिच्या ताज्या दुरुस्त्या, मग लिहिण्याचीं, गणिताचीं व चित्रें काढण्याचीं साधनें, मराठी टंक, इन्स्क्रिप्ट पद्धतीचा कळफलक, आणि शिक्षकाला सर्व पडदे एके ठिकाणीं पाहतां यावे म्हणून व्हेयॉन नांवाचें साधन. हें सर्व एका यंत्रावर हातानें करावयास मला सव्वा तास लागला. चोवीस यंत्रांचे झाले तीस तास. वेळ एक वेळ देतां येईल. परंतु तीस तास एकच काम करणारा माणूस अकराव्या यंत्रावर एक पायरी विसरतो आणि एकोणिसाव्यावर दुसरीच. निकालपत्रकांच्या तीन-तीन प्रती हातानें उतरवून काढण्यांत माझीं पहिलीं वीस वर्षें गेलीं आहेत, त्यामुळें माणसाचा हात कोठें थकतो तें मला चांगलें ठाऊक आहे.

यावरची युक्ति नवी नाहीं. १९९५ च्या सुमारास न्यूझीलंडमध्यें ऑकलंड येथें मरे हॅझर्ड या गृहस्थानें घोस्ट नांवाचें एक साधन तयार केलें, आणि १९९८ सालीं सिमँटेक या अमेरिकन कंपनीनें तें विकत घेतलें. घोस्ट हें खरें म्हणजे एका लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचें कडबोळें. परंतु चित्रांत भूतच काढलेलें असे, आणि कचेऱ्यांतून 'हें यंत्र घोस्ट करून टाका' असें क्रियापदच रूढ झालें. आम्हीं वापरलें तें क्लोनझिला. त्याचा जन्म तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रांत झाला. तें मोफत मिळतें, आणि त्याचें अंतरंग कोणालाही उघडून पाहतां येतें. माझ्यासारख्याला त्या अंतरंगांतलें फारसें उमजत नाहीं, हा भाग वेगळा.

युक्ति अशी. एक यंत्र मनासारखें सिद्ध करावयाचें आणि त्याच्या डिस्कचा संपूर्ण ठसा घ्यावयाचा. या धंद्यांतले लोक त्याला इमेज म्हणतात. मी ठसाच म्हणेन. ठसा घेणें आणि फायली उचलून नेणें या दोन गोष्टी निराळ्या. घरांतलें सगळें सामान दुसऱ्या घरीं नेलें तरी भिंती, दारें आणि दाराची किल्ली त्याबरोबर जात नाहीं. डिस्कचे भाग कोठें पाडले आहेत, यंत्र जागें होतांना पहिला आदेश कोठून वाचावयाचा, कोणता तुकडा कोणत्या खणांत आहे, हें सारें जसेंच्या तसें गेलें तरच दुसरें यंत्र पहिल्यासारखें उठतें. आमची डिस्क २५६ गिगाबाईटची. पैकीं भरलेली जागा १४ गिगाबाईट. क्लोनझिला भरलेले खण तेवढे उचलतें, रिकामे सोडून देतें, आणि उचललेलें दाबून बसवितें. ठसा झाला ६ गिगाबाईटचा. तो घेतांना यंत्राची स्वतःची व्यवस्था निजलेली असावी लागते. म्हणून यंत्र एका पेनड्राईव्हवरून चालू करतात, आणि आंतली डिस्क स्वस्थ पडलेली असते. फोटो काढतांना मूल हललें तर काय होतें तें आपण जाणतांच.

ठसा घेण्यापूर्वीं मूळ यंत्र किती बारकाईनें तपासावें लागतें याची कल्पना मला आधीं नव्हती. त्यांतली चूक चोवीस पटीनें छापली जाते. माझ्या मदतीला दोन माजी विद्यार्थिनी होत्या, दोघीही आतां कॉलेजांत शिकणाऱ्या. त्यांपैकीं एकीनें विचारलें, "सर, तुम्ही यांत तुमचा ईमेल उघडला होता ना? तो तसाच राहिलाय." राहिलाच होता. माझी सगळी टपाल चोवीस पडद्यांवर उघडी झाली असती, आणि माझ्या विम्याच्या हप्त्यांविषयीं आठवीच्या वर्गाला अगदीं अद्ययावत माहिती मिळाली असती. दुसरी तपासणी माझ्या हट्टाची होती. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' हे दोन शब्द मीं लिहून पाहिले. पहिल्यांतला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र मराठीला हवा असतो. कित्येक टंकांना तो येतच नाहीं, आणि मग सुरीचें अनेकवचन आकाशांत उगवतें! पहिला टंक नापास झाला. दुसरा बसविला.

परंतु सर्वच गोष्टी ठशांतून उतराव्या असें नाहीं. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत एका साच्यांतून शेंकडों मूर्ति निघतात; पण डोळ्यांची आखणी साच्यांत होत नसते, ती एकेका मूर्तीपुढें बसून हातानेंच करावी लागते. यंत्रांचें तसेंच. प्रत्येकाला स्वतःचें नांव हवें आणि स्वतःचा ओळख-क्रमांक हवा. लिनक्समध्यें हा क्रमांक एका लहानशा फायलींत असतो. ठशाबरोबर तोही गेला तर चोवीस यंत्रें एकच क्रमांक सांगूं लागतात, आणि कांहीं प्रकारच्या लिनक्समध्यें तर पत्ते वांटणारा सर्व्हर दोघांना एकच पत्ता देऊन बसतो. म्हणून ठसा घेण्यापूर्वीं ती फाईल रिकामी करून ठेवावयाची. म्हणजे प्रत्येक यंत्र पहिल्यांदा उठेल तेव्हां आपला क्रमांक आपणच पाडून घेईल. विंडोजमध्यें याच कामासाठीं सिसप्रेप नांवाचें साधन आहे. तें वापरण्याचा कंटाळा करणारे लोक पुष्कळ, आणि २००९ सालीं मार्क रुसिनोविच या मायक्रोसॉफ्टमधल्याच जाणत्या माणसानें, क्रमांक सारखे असले म्हणून समजतात तसें संकट ओढवत नाहीं, असें लिहिल्यामुळें त्या कंटाळ्याला शास्त्राधार मिळाला. त्यांतही सिसप्रेप वापरूं नका असें त्यानें म्हटलेलें नव्हतें. पण लोकांनीं सोयीचें तेवढें वाचलें. पुढें ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आलेल्या दुरुस्त्यांनंतर नव्या विंडोजमध्यें सारख्या क्रमांकाचीं यंत्रें एकमेकांना ओळख देईनाशीं झालीं, आणि सोळा वर्षांचा कंटाळा पुष्कळांना एका आठवड्यांत फेडावा लागला.

नांवांच्या बाबतींत मीं सरळ एक ते चोवीस असे आंकडे योजिले होते. मुलींना तें रुचलें नाहीं. त्यांनीं नद्यांचीं नांवें काढलीं: कोयना, वेण्णा, उरमोडी, तारळी, येरळा, वारणा, नीरा. सतराव्या यंत्राला माण नदीचें नांव मिळालें. ही नदी दुष्काळी मुलखांतली, बिचारी बहुतेक दिवस कोरडी; आणि पुढें जें घडलें त्यावरून तें नांव अगदींच विजोड नव्हतें.

आतां ठसा चोवीस ठिकाणीं उमटवावयाचा. पेनड्राईव्ह घेऊन यंत्रामागून यंत्र फिरतां येतें, पण त्याहून सोपा मार्ग तारेचा. नव्या यंत्राला अशी शिकवण देतां येते कीं, उठल्यावर आपली डिस्क चाचपण्याआधीं तारेवर हांक मारावी: मला पत्ता द्या, आणि मीं काय करावयाचें तें सांगा. तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेला सर्व्हर, म्हणजे आमच्या बाबतींत माझा लॅपटॉप, पत्ता देतो, एक छोटी तात्पुरती व्यवस्था पाठवितो, आणि मग ठसा पाठवूं लागतो.

सहा गिगाबाईट आमच्या जुन्या, शंभर मेगाबिट वेगाच्या स्विचमधून एका यंत्राकडे जावयास हिशेबानें आठ मिनिटें लागतात. चोवीसांना वेगवेगळें पाठविलें तर लॅपटॉपच्या एकाच तारेंतून तेंच चोवीस वेळां जाणार: तीन तास बारा मिनिटें. पण श्रोतेहो, मी या क्षणीं आपल्या प्रत्येकाच्या घरासाठीं हें भाषण निराळें करीत नाहीं ना? एकदांच बोलतों, ज्यांनीं रेडिओ लावला आहे ते सगळे एकाच वेळीं ऐकतात. संगणकाच्या तारेवरही असें एकदांच बोलतां येतें. त्याला मल्टिकास्ट म्हणतात. फरक एवढाच कीं, आपल्याला मध्येंच शिंक आली तर मी थांबत नाहीं. तेथें मात्र ज्याचा शब्द हुकला तो तसें कळवितो, आणि बोलणारा तेवढें पुन्हां सांगतो. त्यामुळें सर्वांत मागें रेंगाळणाऱ्याच्या चालीनें सर्वांना चालावें लागतें. वर्गांत मीं ही गोष्ट अडतीस वर्षें पाहिली आहे, तिचें मला नवल वाटलें नाहीं.

दोन गोष्टी येथें सांगून ठेवितों. सर्व्हरला आधीं सांगावें लागतें कीं, इतकीं यंत्रें तयार झालीं म्हणजे सुरू कर. मीं चोवीस सांगितलें. आणि डिस्कवरचें सर्व पुसलें जाईल, खात्री आहे ना, असा प्रश्न प्रत्येक यंत्र दोनदां विचारतें. चोवीस यंत्रांपुढें अठ्ठेचाळीस वेळां होकार कोण देत बसणार, म्हणून तो प्रश्न विचारूं नये अशी मीं सोय केली. हांक मारणारा ओळखीचा आहे कीं नाहीं हेंही सर्व्हर, आपण बजाविलें नाहीं तर, विचारीत नाहीं. मीं बजाविलें नव्हतें.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. सायंकाळीं सहाच्या सुमारास चोवीसही यंत्रांनीं हांक दिली आणि ठसा उतरूं लागला. थोड्याच वेळांत गति इतकी मंदावली कीं आठ मिनिटांचें काम तासावर जाईलसें दिसलें. कोठली तरी तार सैल असणार म्हणून आम्हीं टेबलांखालीं वांकून शोधूं लागलों, तोंच दिवे गेले. लॅपटॉप बॅटरीवर तगला. स्विच आणि यंत्रें गप्प झालीं. अर्ध्या तासानें वीज आली. आम्हीं सर्व यंत्रांच्या कळा पुन्हां दाबल्या, आणि मीं लॅपटॉपवर काम नव्यानें लावून दिलें. तयार यंत्रांचा आंकडा वाढत वाढत वीस, बावीस, तेवीस झाला. थोडा थांबला. मग चोवीस झाला, आणि ठसा सुरू झाला. या वेळीं झपाट्यानें. मला फार समाधान वाटलें. मीं मुलींना चहा करावयास सांगितलें.

चार-पांच मिनिटांनीं मघाच्याच मुलीनें हांक मारली, "सर, माण काळीच आहे अजून. तारच लागत नाहीं म्हणतेय."

मी म्हटलें, "तसें कसें होईल? चोवीस आलीं आहेत."

तिनें एकेका यंत्रावर बोट ठेवून मोजलें. चालूं होतीं तीं तेवीस. मग चोविसावें कोण? हा प्रश्न मीं स्वतःला विचारला, आणि उत्तर कळण्याआधींच माझे पाय लटपटले. खोलीच्या भिंतीला एक भोंक आहे. त्यांतून एक तार पलीकडे ग्रंथालयांत जाते.

ग्रंथालयाची किल्ली सांपडावयास दोन मिनिटें गेलीं. आंत अंधारांत जुन्या संगणकाचा पडदा निळसर उजळला होता आणि त्यावर ठसा उतरल्याचा आंकडा चढत होता. बेचाळीस टक्के. मीं भिंतींतलें बटण बंद केलें.

हें कसें झालें तें नंतर जुळवीत बसल्यावर कळलें. दोन वर्षांपूर्वीं याच यंत्रावर मीं तारेवरून सुरू होण्याचा प्रयोग केला होता आणि 'आधीं तारेवर विचार' ही शिकवण काढावयाची विसरलों होतों. तारेवर उत्तर देणारें कोणी नसे, म्हणून तें अर्धा मिनिट वाट पाहून मग आपल्या डिस्ककडे वळे. हा संगणक सकाळीं फार वेळ विचार करतो, अशी ग्रंथपालबाईंची तक्रार होती. मीं ती यंत्राच्या वयावर ढकलली होती. त्याची कळ मोडलेली असल्यामुळें वीज आली कीं आपोआप उठावें अशीही मींच व्यवस्था केली होती. त्या दिवशीं सकाळीं मेन स्विच वर केला तेव्हांपासून तें बंद खोलींत जागें होतें. वीज जाऊन आली, तें पुन्हां उठलें, संवयीप्रमाणें तारेवर हांक मारली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला उत्तर मिळालें. दोन्ही डिस्कांना लिनक्स एकाच नांवानें ओळखतें; ठशाला आपण परक्या घरांत शिरतों आहों हें कळण्याचें कारण नव्हतें. इकडे माणची सैल तार पूर्णच सुटली होती, म्हणून आंकडा बरोबर चोवीस भरला. पंचवीस झाला असता तर मी तेथेंच थांबलों असतों.

त्या यंत्रांत पुस्तकांची यादी होती. तिची एक छापील प्रत होती, तिचें फारसें दुःख नाहीं. दुःख ओव्यांचें. सात वर्षें नववीच्या मुलींनीं आपल्या आज्यांकडून, शेजारच्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून टिपल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या वाचून आम्हांलाही ही बुद्धि झाली. आमच्या झाल्या होत्या चारशें बारा. प्रत्येक ओवी निराळ्या फायलींत. वर क्रमांक, खालीं अवघड शब्दांचे अर्थ, आणि म्हणणाऱ्या बाईचें त्या ओवीबद्दलचें बोलणें. एका डिस्कचे चोवीस ठसे काढण्यासाठीं मीं आठवडाभर खपत होतों, आणि जिची दुसरी प्रत खरोखर हवी होती तिची प्रत सात वर्षांत एकदांही काढली नव्हती. 'काम सेव्ह करा' असें मुलींना दर तासाला सांगत मात्र होतों.

ती मुलगी माझ्या मागोमाग ग्रंथालयांत आली होती. नववींत असतांना तिनें आपल्या आजीच्या ओव्या टिपल्या होत्या, सर्वांत अधिक तिच्याच होत्या. आजी वर्षापूर्वीं वारली. ती कांहीं बोलली नाहीं. बाहेर जाऊन तिनें माणची तार बदलली.

पुसलेलें सर्वच जात नाहीं, हेंही त्यानंतर शिकलों. ठसा जेवढ्या खणांत लिहिला गेला तेवढे खण गेले. बाकीच्या खणांत जुनें अजून असतें, फक्त त्याची अनुक्रमणिका नाहींशी होते. फोटोरेक नांवाचें एक मोफत साधन डिस्क पहिल्या खणापासून शेवटच्यापर्यंत चाचपत जातें आणि फायलीची सुरुवात ओळखून ती बाहेर काढतें. नांवें मात्र परत देत नाहीं. जुनी डिस्क ५०० गिगाबाईटची व जुन्या फिरत्या चालीची होती, हें नशीब. तिच्यावर पुन्हां कांहीं लिहिलें जाऊं नये म्हणून ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि पहिल्यांदा, हो, तिचा ठसा घेतला. मग रात्रभर फोटोरेक चालविलें. आंकड्यांचीं नांवें घेतलेल्या हजारों फायली निघाल्या. चार दिवस आम्हीं तिघें त्या उघडून पाहत होतों. दोनशें एकाहत्तर ओव्या मिळाल्या.

शाळा ठरल्या दिवशीं उघडली. चोवीस यंत्रें एका आवाजांत उठलीं, सर्वांत तोच टंक, तोच कळफलक, तींच साधनें. आणि आठवीच्या मुलींना त्यामागच्या कशाचा पत्ता नव्हता, हें योग्यच झालें. आतां माझा सर्व्हर चोवीस यंत्रांच्या ओळख-क्रमांकांची यादी जवळ ठेवितो आणि अनोळखी हांकेला उत्तर देत नाहीं. पुसूं का हा प्रश्न अठ्ठेचाळीस वेळां विचारला गेला तरी चालेल, असें मीं ठरविलें आहे. ठसा उतरवितांना भिंतींतली ती तार हातानें काढून ठेवितों.

मुख्याध्यापिकाबाईंना मीं सर्व लिहून दिलें. त्यांनीं तें वाचलें आणि विचारलें, "आतां राहिल्या किती?"

ग्रंथालयांत ओव्यांची एक हस्तलिखित नोंदवही आहे. तींत क्रमांक, गांव आणि म्हणणारीचें नांव एवढेंच. तिच्याशीं ताडून पाहतां एकशें एकेचाळीस गेल्या होत्या. जुन्या मुलींच्या घरीं माळ्यावर वह्या सांपडल्या, त्यांतून अठ्ठावन्न आल्या. ज्या बाया हयात आहेत त्यांच्याकडे आम्हीं पुन्हां गेलों; छत्तीस ओव्या त्यांनीं पुन्हां म्हटल्या. कोणीं एखादा शब्द बदलला, एकीनें भावाच्या जागीं लेकाचें नांव घातलें, आणि मागें काय म्हटलें होतें असें विचारतां, "तेंच तर म्हणतेय कीं," असें आम्हांलाच सुनावलें. नोंदवहींत दोन्ही पाठ ठेवावयाचे असें आम्हीं ठरविलें आहे. उरल्या सत्तेचाळीस. त्यांतल्या एकतीस त्या मुलीच्या आजीच्या. आणि तिची वही लग्नघाईच्या दिवसांत रद्दींत गेलेली.

दर शनिवारीं दुपारीं ती कॉलेजांतून येते आणि माणवर बसते. त्या यंत्रांत ठसा शेवटीं, एकट्यानें, पेनड्राईव्हवरून उतरला. डोळे मिटून ती तोंडांतल्या तोंडांत कांहीं पुटपुटते, मग दोन ओळी लिहिते, पुसते, पुन्हां लिहिते. जेथें शब्द आजीचा कीं आपला असा संशय येतो तेथें कंसांत प्रश्नचिन्ह घालते. गेल्या शनिवारपर्यंत बारा झाल्या. संध्याकाळीं खोली बंद करण्यापूर्वीं मी त्यांच्या दोन प्रती काढतों; एक मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटांत जाते, आणि एक ती पेनड्राईव्हवर घालून घरीं घेऊन जाते.